वऱ्हाडांतून वरोऱ्यास: एका ग्रीक साध्वीचें स्मरण

अकोला-खामगांवकडे ग्रीक लोकांची आठवण होमरामुळें फारशी निघत नसे. निघे ती रॅली ब्रदर्समुळें. एजियन समुद्रांतील खिऑस बेटावरच्या एका घराण्यानें काढलेली ही व्यापारी पेढी वऱ्हाडांत कापूस खरेदी करी, आणि तिचें नांव आमच्या वडिलांच्या पिढीस चांगलें परिचित होतें. पुढें पेढी गेली, नांव तेवढें मागें राहिलें. त्याच ग्रीकांपैकीं एक बाई नंतर आमच्या प्रांतानजीक रिकाम्या हातांनीं आली, आणि जातांना तशीच गेली, हें आमच्या वाचनांत फार उशिरां आलें. ती जेथें राहिली तें वरोऱ्याचें आनंदवन पाहावें, असा संकल्प करून आम्ही गेल्या माघांत निघालों.

आरंभ मुद्दाम अमरावतीच्या तपोवनापासून केला. डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धन ह्यांनीं १९४६ सालीं महारोग्यांसाठीं उभारलेली ही वसाहत आम्ही आजवर केवळ नांवानें ओळखत होतों. तेथें कधीं पाऊल कां पडलें नाहीं, हें सांगावयास लाज वाटते. आमच्या घरीं एक थोरले काका पडवींत निराळे राहत. त्यांचें ताट वेगळें, तांब्या वेगळा. दिवाळीच्या पाडव्यास आम्ही मुलें घरांतील सर्व वडील माणसांच्या पायां पडत असूं. काकांना मात्र दुरून हात जोडावे, असा घरचा दंडक होता. त्यांच्या पायांस सदैव चिंध्या गुंडाळलेल्या असत. एके दिवशीं ते कोठेंसे निघून गेले. घरांतून कोणीं शोध केला नाहीं.

बडनेऱ्यास गाडी धरिली. धामणगांव मागें पडलें, पुलगांवच्या अलीकडे वर्धा नदी ओलांडली, आणि वऱ्हाड संपलें. वर्ध्याजवळच दत्तपूर आहे. मनोहरजी दिवाण ह्यांनीं विनोबांच्या प्रेरणेनें तेथें १९३६ सालीं कुष्ठसेवेस आरंभ केला. येथें गाडी बदलून दक्षिणेस निघालें, कीं हिंगणघाट लागतें. तें बाबा आमटे ह्यांचें जन्मगांव. त्यापुढें वरोरा.

१९५१ सालीं बाबा, साधनाताई, त्यांचीं दोन लहान मुलें, सहा रोगी व एक लंगडी गाय, एवढ्यावर आनंदवनाचा संसार मांडिला गेला. तेव्हां येथें नुसता खडकाळ माळ होता. आज दाट झाडी आहे, शेतें आहेत, हातमाग आहेत, विद्यालयें आहेत. बाबा २००८ सालीं गेले व साधनाताई २०११ सालीं. दोघेंही ह्याच भूमींत विसावलीं आहेत.

त्या ग्रीक बाईंचें नांव अव्रिलिया पापायानी. जन्म १८९७ सालचा, कॉन्स्टँटिनोपल शहरांतला; चार भावंडांत ह्या सर्वांत धाकट्या. ग्रीस व तुर्कस्थान ह्यांच्यांत लोकसंख्येची अदलाबदल झाली, तेव्हां १९२३ सालीं हें कुटुंब थेस्सलोनिकी येथें येऊन राहिलें. १९३८ सालीं त्या इंग्लंडांत गेल्या व पायांची निगा आणि अंगमर्दनादि उपचार ह्यांचें शास्त्र शिकल्या. महायुद्ध संपल्यावर मायदेशीं परतून त्यांनीं अथेन्स येथें दवाखाना घातला. लग्न केलें नाहीं. आईवर मात्र त्यांचा फार जीव होता. १९५४ सालीं आई वारली. तो धागा तुटतांच त्यांनीं दवाखाना बंद केला, होतें नव्हतें तें देऊन टाकलें, आणि हिंदुस्थानची वाट धरिली. तेव्हां वय सत्तावन्नाच्या घरांत होतें. येथील पांच वर्षांत त्या आमटे कुटुंबासमवेत महारोग्यांच्या सेवेंत राहिल्या. लोक त्यांना सिस्टर लीला म्हणत.

त्या पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती संप्रदायाच्या निष्ठावंत अनुयायी होत्या. ह्या संप्रदायांत उपवासांचें माहात्म्य मोठें. गांठींच्या माळेवर येशूच्या नांवाचा जप करण्याचीही चाल आहे. आमच्या वाचकभगिनींस ह्यांत परकें वाटण्यासारखें थोडेंच आहे. परंतु सिस्टर लीलांनीं कोणास धर्माचा उपदेश केला नाहीं. येथील भाषा येत नसतां तुमच्या हातून काय होणार, असें एका परदेशी मिशनऱ्यानें हटकलें असतां, हास्य, अश्रु, स्पर्श, प्रार्थना व प्रेम ह्या पांच भाषा आपणांस येतात, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिल्याचें प्रसिद्ध आहे.

ह्या पांचांतील स्पर्शाची थोरवी आम्हांस आनंदवनांत कळली. महारोगांत मज्जातंतु बिघडून हातपाय बधिर होतात. कांटा रुतला, चटका बसला, तरी रोग्यास कळत नाहीं. म्हणून तळव्यास क्षत पडतें, तें चिघळतें, आणि पाय झिजत जातो. असे पाय रोज कोणीतरी धुवावे, निरखून पाहावे, मऊ ठेवावे लागतात. पायांची निगा हीच जिची विद्या, ती बाई नेमकी अशा लोकांत येऊन राहिली! जागतिक आरोग्य संघटनेनें १९८२ सालीं अनेक औषधांची एकत्र योजना पुरस्कारिली, तेव्हांपासून हा रोग निश्चित बरा होऊं लागला. सिस्टर लीलांच्या काळीं हा भरंवसा नव्हता. तरीही त्यांनीं हात मागें घेतला नाहीं.

पुढें उत्तरकाशीस अकरा महिने एकांतवास करून त्या १९५९ सालीं जेरुसलेमजवळ बेथनीच्या मठांत गेल्या, आणि जोगीण होऊन गाव्रिलिया झाल्या. २८ मार्च १९९२ रोजीं लेरोस बेटावर त्यांनीं देह ठेविला. २०२३ सालीं त्यांच्या धर्मपीठानें त्यांची संतांत गणना केली.

परततांना वाटेवर झाडाखालीं एक वृद्ध गृहस्थ बसले होते. रोग केव्हांच बरा झालेला. बोटें मात्र आखडलेलीं. आमच्या मंडळींनीं पुढें होऊन त्यांच्या पायांस हात लाविला. त्यांनीं दचकून पाय आंखडते घेतले, मग हळूच पूर्ववत् ठेविले. मागोमाग आम्हीही वांकलों. साठ वर्षांपूर्वीं पडवींत करावयाचा राहिलेला तो नमस्कार होता.

वृद्धांनीं विचारलें, "कोणतं गांव जी?"

"अकोला."

ते हंसले व म्हणाले, "कापूस कसा हाय यंदा?"