मिस फातिमाचे पुढे काय झाले?

गणिताच्या वह्या तपासताना एका वहीच्या शेवटच्या पानावर पट्टीने आखलेली 64 घरे दिसली. एकाआड एक घर पेन्सिलीने काळे केलेले. वही सातवीतल्या एका मुलीची होती. तिची कंपासपेटी उघडायला लावली तर आत सोंगट्या निघाल्या. शर्टाच्या गुंड्या ही प्यादी, चिंचोके हे घोडे आणि वजीर म्हणून फुटक्या बांगडीचा लाल तुकडा. मी वही जप्त करून कपाटात टाकली. बी.एड.ला बालमानसशास्त्रात मला चांगले गुण होते. पण मधल्या सुट्टीनंतरच्या वर्गात तो पेपर आठवत नाही.

तिला हा खेळ तिच्या नानांनी शिकवला होता. आमची उर्दू शाळा मलकापूर तालुक्यातल्या एका गावात आहे. एका संध्याकाळी पालकभेटीच्या निमित्ताने मी तिच्या घरी गेले, तर नाना ओट्यावर पट मांडून एकटेच बसले होते. ते देशी पद्धतीने खेळतात. त्यांच्या पटावर प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते, बादशहाला एकदा घोड्याची उडी घेता येते, किल्लेकोट मात्र नाही. पहिल्या चालीला प्यादे दोन घरे जाऊ शकते, असे मी म्हणाले, तर नाना म्हणाले, "दो घर? इतनी जल्दी किसको है?" चतुरंग इथून इराणात गेला, अरबांकडे शतरंज झाला आणि शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द घेऊन मराठीत परत आला. नानांच्या ओट्यावर त्यातले काहीच परके वाटत नव्हते.

ही 2025च्या जुलैतली गोष्ट. त्याच महिन्याच्या 28 तारखेला जॉर्जियातल्या बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी होती. हंपी 2002 साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. दोन डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांत 19 वर्षांच्या मुलीने बाजी मारली. त्या एका विजयाने ती भारताची 88वी ग्रँडमास्टर झाली. मी वर्तमानपत्रातला फोटो वर्गात नेला आणि सांगितले, "ही आपल्या विदर्भाची. आपल्या स्टेशनवर थांबणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस हिच्याच गावाला जाते."

मुलीने फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारले, "इसके अब्बा क्या करते आपा?"

"डॉक्टर आहेत. अम्मीसुद्धा."

तिने फोटो परत दिला. तिचे वडील जिनिंगमध्ये हंगामी कामाला जातात.

मग मी तिच्यासाठी दुसरे कुणी शोधू लागले. सापडले मीर सुलतान खान. पंजाबातल्या सरगोध्याकडचे. त्यांनाही लहानपणी वडिलांनी देशी चाल शिकवली होती, अगदी या नानांसारखी. सर उमर हयात खान या जमीनदाराने त्यांना 1929 साली विलायतेला नेले आणि त्याच वर्षी ते ब्रिटिश विजेते झाले. पुढे 1932 आणि 1933 सालीही झाले. हेस्टिंग्जला 1930-31च्या स्पर्धेत त्यांनी कापाब्लांकाला हरवले. त्यांना नोकर म्हणू नये, असे त्यांच्या घरच्यांचे म्हणणे आहे. पण सोबत कुणाच्या गेले, एवढे खरे. आणि त्याच घरात कामाला असलेली एक तरुणी होती, मिस फातिमा. 1933 साली हेस्टिंग्जलाच तिने ब्रिटिश महिलांचे अजिंक्यपद मोठ्या फरकाने जिंकले.

वर्गात मी हे रंगवून सांगितले. फातिमाचे नाव आले तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा सरसावून बसल्या. ती मात्र म्हणाली, "फिर आपा, आगे क्या हुआ?"

मी फळा पुसायला घेतला आणि घंटा झाली.

जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा बुलढाण्याला होत्या. चौदा वर्षांखालील मुलींत तिचे नाव द्यायचे ठरवले, तर घरून नकार आला. अम्मीचे म्हणणे, मुलगी मोठी झाली, लोक बघतील. यावर मला काही सुचेना. दिव्यानेच 2024च्या जानेवारीत, नेदरलँड्समधली स्पर्धा खेळून आल्यावर, लिहिले होते की प्रेक्षक आपल्या चाली सोडून आपले कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांवरच बोलतात. म्हणजे अम्मीची भीती खोटी नव्हती.

शेजारच्या एका बुजुर्गांनी आणखी एक मुद्दा काढला, शतरंज जायज आहे का? आमची वस्ती हनफी. हनफी उलेमांना हा खेळ नापसंत. इमाम शाफई यांच्या मते पैज नसेल आणि नमाज चुकत नसेल तर तेवढी सक्ती नाही. (कोकणातले वाचक इथे हसतील.) 2016 साली सौदीच्या मुफ्तींनी बुद्धिबळ हराम म्हटले आणि 2017च्या डिसेंबरात रियाधमध्येच जागतिक जलद स्पर्धा भरली, जी विश्वनाथन आनंदने जिंकली. मी काही मुफ्ती नाही. वडिलांना एवढेच सांगितले, पैज नाही, आणि जोहरची वेळ मी सांभाळेन. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिले. नाना पटावरून मान वर न करता म्हणाले, "जाने दो." वडील म्हणाले, "आपा, आप साथ जा रहे ना? तो ठीक है."

किल्लेकोट मी मोबाइलवर शिकले आणि मग तिला शिकवले. घड्याळाचे मात्र आम्हा दोघींच्या लक्षात आले नाही. तिने असे दोन बटणांचे घड्याळ कधी पाहिले नव्हते. पहिल्या डावात ती चाल करी आणि बटण दाबायचे विसरून समोरच्या मुलीच्या चालीची वाट बघत बसे. तिची वेळ वाहून जाई. हत्तीने पुढे असलेला डाव ती वेळेवर हरली. मी भिंतीशी उभी राहून मुठी आवळत होते, बोलायची परवानगी नव्हती. तिच्या ओढणीकडे तिथे कुणी पाहत नव्हते. बटण न दाबणारी ही मुलगी कोण, म्हणून पाहत होते. पाच डावांत अडीच गुण झाले. जोहर आम्ही एका रिकाम्या खोलीत अदा केली.

परतताना एस.टी. राजूर घाट उतरत होती. खिडकीशी बसलेल्या तिने पुन्हा विचारले, "आपा, वो फातिमा का आगे क्या हुआ?"

या वेळी पुसायला फळा नव्हता. मी सांगितले की 1933च्या अखेरीस साहेब हिंदुस्थानात परतले, म्हणून ती दोघेही परतली. सुलतान खान पुन्हा मोठ्या स्पर्धेत उतरले नाहीत, 1966 साली वारले. 2024 साली जागतिक संघटनेने त्यांना मानाची ग्रँडमास्टर पदवी दिली. फातिमाही पुन्हा स्पर्धेत दिसली नाही.

"हारी थी क्या?"

"नाही. जिंकून परतली होती."

मोताळा येईपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "उसको किसीने पूछाच नहीं होगा." थोड्या वेळाने: "आपा, मेरी वो वही आपके पास है ना?"

दुसऱ्या दिवशी कपाट उघडले. वहीत बांगडीचा तुकडाही तसाच होता. तो तिने कंपासपेटीत ठेवला, आणि शेवटच्या पानावर पटाच्या कडेला दोन चौकोन काढले, घड्याळाचे.