तीन खाड्या आणि तळमजल्याची खोली

ईद होऊन चारच दिवस झाले होते. शीरखुर्म्यासाठी आणलेला सुकामेवा अजून डब्यात शिल्लक होता. अम्मींनी विचारले, "कोकणात नेतो म्हणाला होतात, ते कधी? पाऊस लागल्यावर?"

गेली काही वर्षे रमजान ऐन वसंतात येतो आहे. दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे फिरायला जायचे तर एक तर शाबानमध्ये, नाही तर ईदनंतर लगेच. मार्चअखेर कोकण पाहण्यासारखे असते. मोहोर गळून कैऱ्या धरलेल्या असतात, काजूची बोंडे लाल-पिवळी झालेली असतात, पांगारा आणि सावर अंगावर पान नसताना फुलांनी भरतात. एप्रिल अर्धा सरला की घामाने जीव नकोसा होतो.

आमचा बेत साधा होता. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून मुरूड गाठायचे आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने दाभोळपर्यंत जायचे. वाटेत राजपुरीची खाडी आणि सावित्रीच्या मुखाची बाणकोटची खाडी गाडीसकट फेरीबोटीने ओलांडावी लागते. दाभोळला पोहोचलो की समोर तिसरी, वाशिष्ठीची. अम्मींचे वय 74. गुडघे दुखतात, हृदयाचे औषध चालू आहे. म्हणून खोली तळमजल्यावर हवी, कमोड हवा, नमाजपुरती स्वच्छ जागा हवी, आणि जेवण हलाल नसेल तर निदान निव्वळ शाकाहारी हवे. समुद्र खिडकीतून दिसला नाही तरी चालेल, तो काही कुठे जात नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी एका ठिकाणाहून फोन आला. खोली ठरली होती, आगाऊ पैसे गेले होते, त्यांनी मागितले म्हणून आधारकार्डांचे फोटोही पाठवले होते. अर्ध्या तासात निरोप आला की खोली शिल्लक नाही, चुकून दिली गेली. पैसे लगेच परत आले. तासाभराने आमच्या एका मित्राने त्याच्या नावाने, त्याच तारखेला तिथेच विचारले. खोली होती. मित्रच आमच्यापेक्षा जास्त ओशाळला. अम्मींना आम्ही "खोल्या भरल्या" एवढेच सांगितले. त्या "बरं" म्हणाल्या. त्यांनी शिलाई मशीनवर बसून 30 वर्षे गिऱ्हाईक पाहिलेले, त्यांना काय कळायचे ते कळले.

तेव्हापासून आमच्या दोघांत वाद आहे. एकाचे म्हणणे, फोनवर पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगून टाकावे, नकार यायचा तो घरबसल्या येऊ दे. दुसऱ्याचे म्हणणे, खोली मागायला नाव कशाला पुढे करायचे? आपण काय परवानगी मागतोय?

मुरूडला एका कोकणी मुस्लिम कुटुंबाकडे उतरलो. तांदळाची भाकरी, सुरमईचे सालन आणि परसात नारळाखाली बाज. जंजिरा किल्ल्याबद्दल फार सांगत नाही, सगळे जातात. राजपुरीहून शिडाच्या होडीने जायचे, कलाल बांगडी तोफ पाहायची, चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याची तळी कशी, याचे नवल करायचे. पण राजपुरीजवळच खोकरीला सिद्दींचे गुंबज आहेत, तिथे थांबणारे थोडे. सिद्दी सुरूल खानाचा मकबरा सर्वांत मोठा. दगडातली जाळी आणि कोरीव काम पाहण्यासारखे आहे. आफ्रिकेतून आलेल्या या हबशी घराण्याचे संस्थान 1948 मध्ये विलीन झाले. अम्मींनी तिथे फातिहा पढली. होडीत चढणे त्यांना जमणार नव्हते, खोकरीला गाडी जवळ जाते.

असरच्या वेळी मात्र आमची फजिती झाली. आम्ही घाटावरचे हनफी, इथल्या बहुतेक मशिदी शाफई. असरची वेळ त्यांच्याकडे लवकर लागते. आम्ही आपल्या हिशेबाने रमतगमत पोहोचलो तर जमात होऊन माणसे चपला घालत होती. घाटावरून येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आगरदांड्याहून दिघी, पुढे श्रीवर्धनवरून बागमांडला, आणि दुसरी बोट वेसवीला. पलीकडे रत्नागिरी जिल्हा. बाणकोटला वळसा घालून वेळासला गेलो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायला सुरुवात केली आणि आता गावातली घरेच पाहुण्यांना ठेवून घेतात. फोनवर बाईंनी विचारले होते, "माणसं किती आणि तिखट चालतं का?" नाव आम्ही मुद्दाम सांगितले. त्या म्हणाल्या, "हो, लिहून घेतलं." जेवण शाकाहारीच, त्यामुळे तो प्रश्नच उरला नाही. संध्याकाळी पडवीत आम्ही जानमाज अंथरली तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि डासांची अगरबत्ती आणून ठेवली.

पहाटे फजर पढून किनाऱ्यावर गेलो. मादी एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी घालते आणि 50-55 दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. त्या दिवशी टोपलीखाली सात निघाली. वाळूवर सोडली की ती आपणहून पाण्याकडे चालू लागतात. एक उलटे पडले. सगळे श्वास धरून उभे. कुणी हात लावायचा नाही असा नियम. अम्मी खुर्चीवर बसून मोठ्याने म्हणाल्या, "या अल्लाह, पलटव त्याला." शेजारच्या शाळकरी मुलांनीही तेच सुरू केले. लाट आली आणि ते गेले.

केळशी, हर्णे, दापोली हे पट्टे आम्ही भरभर उरकले. हर्णेचा मासळीचा लिलाव वेळ काढून पाहावा, पण मधल्या वळणांनी अम्मी थकल्या होत्या आणि त्यांना दाभोळ पाहायचे होते.

दाभोळची शाही मशीद धक्क्याजवळच आहे. मोठा घुमट, चार मिनार, विजापूरची ओळख लगेच पटते. सांगतात की आदिलशाही घराण्यातली एक बीबी हजला निघाली, दाभोळ बंदरात अडकली आणि जहाज निघू शकले नाही. मग हजसाठी आणलेले धन तिने या मशिदीला लावले. माँसाहेबांची मशीद म्हणतात ती म्हणूनच. मशिदीजवळ भेटलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी ही हकीकत सांगितली आणि ते जोहरच्या तयारीला गेले.

अब्बा आणि अम्मींनी हज कमिटीचा फॉर्म तीनदा भरला होता. सोडतीत नाव आले नाही. मग अब्बा गेले. आता पैसे आहेत, पण डॉक्टर नाही म्हणतात.

अम्मी बराच वेळ पायरीवर बसून होत्या. मग विचारले, "तिचा हज झाला म्हणायचा का रे?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. हदीस माहीत आहे, नियतीवर अमल अवलंबून असतात, पण अम्मींना ती आमच्याआधीपासून माहीत आहे. आम्ही कसर पढलो. त्यांनी बसून पढली, आणि दुआ लांबली.

धोपाव्याची बोट यायला अवकाश होता. पलीकडे गुहागरच्या बाजूला रात्रीची खोली ठरवायची राहिली होती, आणि फोन कुणी करायचा, कसा करायचा यावरून आमची पुन्हा कुजबूज सुरू झाली. अम्मींनी हात पुढे करून फोन मागितला. पहिल्याच वाक्यात त्यांनी आपले पूर्ण नाव सांगितले, अब्बांच्या नावासकट, आणि मग विचारले, "तळमजल्यावर खोली आहे का? माझे गुडघे दुखतात."

खोली होती.