आतला डाग

मागच्या महिन्यात वस्तीतल्या पोरांनी वर्गणी काढून विहाराच्या गच्चीवर डांबर ओतलं. सलग तिसरं वर्ष. पहिल्या मोठ्या पावसात भिंतीकडच्या कोपऱ्यातून पाणी पुन्हा आत. पोरं मला म्हणाली, "काका, तुमचे वडील मिस्त्री होते ना, सांगा आता काय करायचं." तोंडी सांगितलं तर विसराल. म्हणून लिहितो. यात गळतीही आहे आणि दुसरंही आहे. दोन्ही वेगळं काढता येत नाही.

माझा बाप जन्माचा गवंडी नव्हता. गावात असताना तो पावसाळ्याच्या तोंडाला लोकांच्या धाब्यांवर पांढरी माती टाकायचा. धाब्याच्या घराला दरसाल पांढरी द्यावी लागते, नाहीतर गळतं. पाटीपाटीनं माती शिडीवरून वर न्यायची, पसरायची, तुडवायची. हे काम आमच्या वाट्याचं. म्हणजे गावाच्या डोक्यावर चालायची मुभा होती, उंबऱ्याच्या आत पाय टाकायची नव्हती. १९७२ च्या दुष्काळात गाव सुटलं. बाप औरंगाबादला बिगारी म्हणून लागला. घमेली वाहता वाहता थापी धरली, ओळंबा शिकला, गुण्या शिकला. पुढं लोक त्याला मिस्त्री म्हणू लागले.

गोष्ट १९८१ च्या मे महिन्यातली. मी मिलिंद कॉलेजात शिकत होतो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात आमची घरं जळाली. तो धूर अजून नाकात होता. मोर्चात मी पुढं. घोषणा द्यायला माझा आवाज लागायचा. सुट्टीत मात्र बापाच्या हाताखाली बिगारी.

काम होतं एका प्रोफेसरांच्या बंगल्यावर. प्रोफेसर नामांतराच्या बाजूचे. त्यांची सही असलेलं पत्रक मी स्वतः चौकात वाटलं होतं. त्यामुळं कामाला जाताना मला वाटलं, हे आपलं घर. तरी पण फाटकापाशी आलो तेव्हा खिशावरचा बाबासाहेबांचा बिल्ला मी काढून आत टाकला. का काढला? कुणी सांगितलं नव्हतं. बापानं बघितलं, पण बोलला नाही.

बंगला असा : खाली चार खोल्या, वर अर्ध्या भागात माडी, उरलेली अर्धी गच्ची. माडीची बाहेरची भिंत गच्चीतून सरळ वर गेलेली, तिला सँडफेस गिलावा. स्वयंपाकघर त्या भिंतीच्या बरोबर खाली. स्वयंपाकघरात देव्हारा, आणि छत गळतं ते तिथंच. आमच्या आधी दोघं मिस्त्री येऊन डांबर फासून गेले होते.

बाप म्हणाला, "साहेब, आतून एकडाव बगू द्या."

प्रोफेसर जरा घुटमळले. "आतून कशाला मिस्त्री? गळतं तर वरूनच ना?" मग खालच्या आवाजात म्हणाले, "माझं काही नाही हो. मी मानत नाही. पण घरात आई आहे. सोवळं-ओवळं आहे. तुम्ही समजून घ्या."

आम्ही समजून घेतलं. समजून घ्यायची सवय आमच्या हाडात मुरलेली. मी, मोर्चातला आवाज, घमेलं हातात धरून उभा राहिलो.

प्रोफेसरांनी एक तोड काढली. लग्नपत्रिकेच्या पाठीमागं छताचा नकाशा काढून दिला. इथं खिडकी, इथं मोरी, इथं डाग. डाग त्यांनी काढला गच्चीच्या पाणी जायच्या नळाखाली. आम्ही शिडीनं बाहेरूनच वर गेलो, तो कोपरा खोदला, नळाभोवतीचा कोबा काढून नवा केला. दोन दिवस गेले. दुपारी पाणी मागितलं की बाई तांब्या उंचावरून धरायच्या, आम्ही ओंजळ. चौथ्या दिवशी वळवाचा पाऊस झाला. प्रोफेसर बाहेर आले. "मिस्त्री, जसंच्या तसं आहे हो. पैसे घेता आणि काम असं?"

माझ्या डोक्यात आग गेली. पण तोंड उघडलं ते बापानं.

"साहेब, कागद तुमी काढला. मी कागद दुरुस्त केला. डाग कुटं हाय ते मला म्हाईतच न्हाई. डाक्तर नाडी बगतो का चिठ्ठी? आत घ्या, न्हाईतर ही हत्यारं मी उचलतो. झाल्या कामाचे पैसे बी नगं. गळतं काम माझ्या नावावर नगं."

हे त्यानं ओरडून नाही सांगितलं. थापी धूत धूत सांगितलं. आत भांडं पडल्याचा आवाज झाला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग प्रोफेसर दारातून बाजूला झाले.

बाप आत गेला. मी मागं. म्हातारी दुसऱ्या खोलीत निघून गेली, देव्हाऱ्यावर कापड टाकलेलं होतं. बापानं त्याकडं बघितलंही नाही. मान वर करून छत बघितलं. डाग नळाखाली नव्हताच. भिंतीच्या रेषेत, दोरी मारल्यासारखा सरळ, पाच फूट लांब. कडेला पांढरा क्षार फुटलेला, मधे पोपडे. बाप म्हणाला, "छत न्हाई गळत. वरची भिंत गळतीय."

पोरांनो, इथं नीट ध्यान द्या. पाणी जिथून शिरतं तिथंच खाली टपकत नाही. कोब्याच्या पोटातून वाट काढत कुठंही निघतं. म्हणून आतला डाग आणि बाहेरची चीर दोन्ही एकाच माणसानं बघितलं पाहिजे.

वर येऊन बापानं भिंतीच्या पायथ्याला हातोडीच्या दांड्यानं ठोकलं. भद्द भद्द. गिलावा पोकळ. छिन्नीनं फूटभर उंचीपर्यंत उतरवला. वरून ऊन तापत होतं आणि आतली वाळू काळी, ओली. बांधणाऱ्यानं आधी भिंत गिलावली, मग कोबा केला. कोबा भिंतीपाशी येऊन काटकोनात थांबला. स्लॅब दिवसा उन्हानं ताणतो, रात्री आखडतो. भिंतीचं ताणणं वेगळं. दोघांच्या सांध्यात चीर पडणारच. चीर इतकी बारीक की पोस्टकार्ड कसंबसं जाईल, पण पाण्याला तेवढी पुरते. वर डांबर फासलं तर काय होतं? भिंतीवर आपटलेला पाऊस गिलाव्याच्या बारीक भेगांतून मागं शिरतो, मागच्या मागं उतरतो आणि डांबराच्या खाली जातो. डांबर पुढून तोंड दाबतं, पाणी मागून येतं. आणि उन्हानं डांबर दोन-तीन वर्षांत स्वतःच फाटतं.

बापानं केलं ते असं. भिंतीत गच्चीपासून फूटभर वर दोन-अडीच इंच खोल आडवी खाच घेतली. खाली कोब्याची कड हातभर रुंद उकरली. तारेच्या ब्रशानं सगळी धूळ काढली, पाणी मारून भिंत पाजली, सिमेंटचं पातळ पाणी फिरवलं. मग एकास तीन मालात जलरोधक पावडर घालून कोपऱ्यात गोल वाटा मारला. काटकोन ठेवायचाच नाही. कोपऱ्यात पाणी थांबतं, गोलावरून घसरतं. वाट्याचा माल तसाच भिंतीवर चढवत नेऊन खाचेत दाबून बसवला. त्यावर वरचा नवा गिलावा उतरवला. हे विसरू नका : गिलावा वाट्यावर उतरला पाहिजे, कौलावर कौल बसतं तसा. वाटा गिलाव्याच्या अंगावर नुसता चिकटवला तर मागून पाणी शिरणारच. ओलं बारदान टाकून सात दिवस पाणी मारलं. मग नळाला बोळा घालून गच्चीत चार बोटं पाणी दोन दिवस कोंडलं. खाली थेंब नाही.

आज बाजारात रबरासारखे लेप आलेत, जाळीचं कापड आलंय. घ्या खुशाल. पण पोकळ गिलाव्यावर फासलं तर तेही डांबरच.

पाणी कोंडल्यावर बाप पुन्हा आत जाऊन छत बघून आला. आम्ही अंगणात हत्यारं धूत होतो, तोवर आत बादल्यांचा आवाज सुरू झाला. स्वयंपाकघर धुतलं जात होतं. ते पाणी मोरीतून वाहत आमच्या पायापर्यंत आलं. प्रोफेसरांनी ते बघितलं, मान खाली घातली. माझ्या हातात छिन्नी होती. बाप म्हणाला, "धुवू दे. फरशी कितीबी धुतली तरी वल फरशीतून न्हाई येत, लेका."

पैसे मोजून घेतले. फाटकाबाहेर आल्यावर मी खिशातला बिल्ला काढून पुन्हा लावला. बाप म्हणाला, "आता कामून लावतू? आत लावायचा हुता." तो शाळेत गेला नव्हता. पण त्या दिवशी त्या घरात उभा राहिला तो, मी नाही. मोर्चात हजारांच्या मधे उभं राहणं सोपं असतं. रोजगार हातात असताना दारात उभं राहून 'आत घ्या' म्हणणं अवघड. त्यानं ते उपकार म्हणून मागितलं नाही. काम तसंच आहे म्हणून मागितलं.

१४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. त्या दिवशी मला तो कागदावरचा डाग आठवला. आमचा डाग नेहमी दुसराच कुणीतरी काढून देतो, आम्ही तो कागद दुरुस्त करत बसतो. अत्याचार झाला की पत्रक, निषेध, शोकसभा. सगळं लागतंच. पण सांधा उकरल्याशिवाय नुसतं तेवढंच केलं तर ते डांबर आहे.

तर विहाराचं सांगतो. यंदा वर्गणी डांबराला घालू नका. पाऊस उघडू द्या, भिंत वाळू द्या. आधी आत जाऊन डाग बघा, खडूनं त्याची कड आखा, तारीख घाला. मग वर चढून पायथ्याचा गिलावा ठोकून बघा. पोकळ वाजेल तिथपर्यंत उतरवा, हात आखडू नका. माझ्याकडं बापाची छिन्नी आहे, थापी आहे. हात थरथरतात, पण वाटा अजून मारता येतो. रविवारी सकाळी या.