कोळसा कुठे भरला?

माझ्या कादंबरीतल्या साम्राज्याचं आरमार मी आधी आलेखाच्या वहीत बांधलं. ‘वज्रदेही’ ही त्यातली पट्टराणी. अंगभर फूटभर जाड लोखंडी चिलखत, चार फिरते बुरूज, वर तीन डोलकाठ्या. दोन प्रकरणं झाल्यावर मरीन इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांना वाचायला दिली. त्यांनी चहा संपवला आणि एवढंच विचारलं, “चाळीस दिवस चालली म्हणता. कोळसा कुठे भरला?”

कुठेच नाही. मी जागाच ठेवली नव्हती.

मग खऱ्या जहाजांच्या नादी लागलो. 1860 साली पाण्यात उतरलेली ब्रिटिशांची ‘वॉरियर’ आजही पोर्ट्समथला आहे. साडेचार इंच लोखंड, त्याच्यामागे अठरा इंच सागवान. तेही फक्त मधल्या भागाला. दोन्ही टोकं उघडी, सुकाणूसुद्धा! वजनापुढे इलाज नाही. कोळसा वाचवायला शिडं लावली की धुराडी दुर्बिणीसारखी मिटून खाली घ्यायची आणि अवजड पंखा शेकडो खलाशांनी दोर ओढून पाण्याबाहेर काढायचा. असलं काही मला सुचलं असतं तर मीच ते ‘पटत नाही’ म्हणून खोडलं असतं.

‘कॅप्टन’ या जहाजाचं वाचलं तेव्हा मात्र घाम फुटला. तिच्यावर बुरूजही होते आणि उंच डोलकाठ्याही. बांधताना वजन वाढत गेलं, जहाज ठरल्यापेक्षा खोल बसलं. सप्टेंबर 1870 मध्ये फिनिस्टर भूशिराजवळ वादळी रात्री ते कलंडलं. साडेचारशेहून जास्त माणसं गेली. ज्यांच्या हट्टापायी ते बांधलं, ते कोल्सही त्यांत होते. आणि माझ्या वज्रदेहीला तर बुरूज दुप्पट.

वाट दाखवली ती मुंबई बंदराच्या राखणीसाठी त्याच सुमारास बांधलेल्या ‘मॅग्डाला’नं. दोन बुरूज, अंग पाण्यालगत. इंग्लंडहून इथवर येण्यापुरत्या तिला तात्पुरत्या डोलकाठ्या लावल्या होत्या.

खोडरबर घेतलं. दोन बुरूज गेले, डोलकाठ्या गेल्या. बॉयलरच्या दोन्ही अंगांना कोळशाच्या कोठ्या आखल्या, तेव्हा सरखेलांची ऐसपैस खोली पलंगापुरती उरली. शिडं गेल्यामुळे वाटेत कोळसा भरायला बेटं लागली. तीन बेटं नकाशात नव्यानं काढली, आणि ती आधी कुणाची तरी असणारच.

तिसऱ्या प्रकरणाच्या आरंभी सम्राटाचं भाषण होतं, ते काढलं. आता तिथे बेटाचा धक्का आहे. फडकी बांधलेली माणसं टोपल्या वाहताहेत, आचारी भाताच्या हंड्यावर ओलं गोणपाट टाकतोय, आणि तरीही भात काळाच निघतोय.