झांजेचे वय

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील तालमींनी कुस्तीबरोबरच ढोल, लेझीम आणि झांज यांचाही शौक सांभाळला, त्यामुळे फिरंगाई, खंडोबा, वेताळ अशा तालमींच्या या परिसरात एखादी झांजांची जोडी ‘आजोबांच्या वेळची’ म्हणून कोणी दाखविली तर त्यात नवल नाही. मात्र तिचे वय ठरविणे हे मूर्तीचे किंवा नाण्याचे वय ठरविण्याहून अवघड काम आहे. याच शहरातील ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास मिळालेल्या कांस्यवस्तू, ज्यांतील पोसायडन या समुद्रदेवतेची मूर्ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे, त्यांच्या काळाविषयी मातीचे थर आणि मूर्तीची घडण हे दोन्ही साक्षीदार बोलतात. माळ्यावरच्या झांजेला थर नसतो, आणि घडणही उपयोगी पडत नाही, कारण मधोमध फुगीर वाटी, वाटीत दोरीसाठी भोक आणि भोवती पसरट कड हा आकार पिढ्यान्‌पिढ्या तोच राहिला आहे. ड्रमवरच्या विदेशी झांजांचे संग्राहक या बाबतीत सुदैवी म्हणावे लागतील: मूळच्या इस्तंबूलच्या झिल्जियन घराण्याने १९२९ मध्ये अमेरिकेत कारखाना काढल्यानंतर धातूवर उमटविलेले त्यांचे शिक्के वेळोवेळी बदलत गेले, आणि अक्षरांच्या वळणावरून ते झांजेला निदान एखाद्या दशकात बसवू शकतात. आपल्याकडच्या कारागिराने झांजेवर आपले नाव घालण्याची पद्धत सहसा ठेवली नाही.

म्हणून पहिला प्रश्न धातूला विचारावा लागतो. कांसे म्हणजे सुमारे ८० भाग तांबे आणि २० भाग कथील यांचा मिश्रधातू. तो लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडविला की ठोकण्याजोगा होतो आणि सावकाश निवू दिला तर ठिसूळ बनतो, म्हणजे पोलादाच्या नेमके उलटे वागतो. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण असून यंत्राने लाटलेला त्याचा पत्रा एकोणिसाव्या शतकात युरोपातून मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. झांजेची कड मापकाने ठिकठिकाणी मोजली असता जाडी सर्वत्र सारखी भरली, तर ती अशा पत्र्यातून कापलेली असण्याचा संभव फार, आणि मग तिला पेशवाईत नेऊन ठेवण्याचा मोह आवरावा हे बरे. जाडी हाताखाली चढत-उतरत असेल आणि तिरप्या उजेडात हातोडीचे ठोके दिसत असतील तर ती घडवलेली आहे एवढेच सिद्ध होते. ठोकून घडविण्याची कला आजही चालू असल्याने त्यावरून जुनेपणा सिद्ध होत नाही.

रंगावर तर मुळीच भिस्त ठेवू नये. गणेशोत्सवापूर्वी चिंच किंवा पितांबरी लावून घासलेली शंभर वर्षांची झांज कालच आणल्यासारखी झळकते, तर ओल्या माळ्यावर दोन-चार पावसाळे काढलेली नवी झांज काळवंडून वयस्कर दिसते. काळेपणा दाखवून किंमत सांगणाऱ्या विक्रेत्याचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि झांज उलटी करून भोक पाहावे. दोरी ज्या बाजूला ताणली जाते त्या बाजूची भोकाची कड गुळगुळीत होऊन भोक लांबट होते, समोरची बाजू मात्र बराच काळ धारदार राहते, आणि ही झीज बनावटपणे कानशीने काढली असेल तर भिंगाखाली ओरखडे समांतर दिसतात. अर्थात झीज वापर मोजते, वर्षे नव्हे. रोज भजनाला लागणारी जोडी वर्षातून एकदा निघणाऱ्या जोडीच्या कितीतरी आधी म्हातारी होते.

कोरलेली अक्षरे सर्वांत बोलकी आणि म्हणूनच सर्वांत फसवी. टाकीने ठोकून घातलेल्या नावाचे काप खोल व तुटक असतात, विजेच्या यंत्राची रेघ बारीक थरथरती असते. ‘करवीर सरकार’ असा उल्लेख असेल तर तो बहुधा कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन होण्यापूर्वीचा, म्हणजे १ मार्च १९४९ च्या आधीचा मानता येतो. शके दिले असेल तर त्यात ७८ मिळविले की, वर्षाचे शेवटचे तीन महिने वगळता, इसवी सन मिळतो. ‘नांव’ सारखा अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या वळणाचा असला, तरी जुन्या सवयीचा हात नियमाला विचारून चालत नसतो. शिवाय हे सारे देणगीची तारीख सांगते, घडणीची नाही.

खरोखर जुन्या झांजा इतक्या थोड्या का उरल्या, याचे कारण बाजाराच्या व्यवहारात आहे: कडेपासून तडा गेला की नाद बसतो, आणि बसलेली झांज मोडीत घालून वजनावर नवी आणली जाते, ज्यामुळे जुना धातू नव्या ओतात मिसळतो आणि धातूचे रासायनिक पृथक्करणही मग गोंधळात टाकते. एकच फुटली तर तिला जोडीदार शोधला जातो. त्यामुळे जोडीतील प्रत्येक झांज स्वतंत्रपणे तोलून, मोजून आणि वाजवून पाहावी लागते, आणि एकीची कड पत्र्यासारखी सारखी व दुसरीची ठोक्यांनी चढउताराची निघाली, तर संग्रहाच्या नोंदवहीत त्यांना दोन वेगळे क्रमांक द्यावेत.