किती वाचले?

पुण्याहून गुडघा बदलून परत आल्यापासून इथे लीड्समध्ये जो भेटतो तो आधी एकच विचारतो. "मग? किती वाचले?" गुडघ्याची चौकशी नंतर!

तर झालं असं, की माझ्या उजव्या गुडघ्याने चार वर्षांपासून असहकार पुकारला होता. इंग्लंडात एनएचएसमध्ये ऑपरेशन फुकट, पण नंबर लागेल तेव्हा. जीपीने पाठवल्यापासून १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असं त्यांचं उद्दिष्ट आहे. ते फेब्रुवारी २०१६ नंतर पुन्हा काही गाठलं गेलेलं नाही. मला 'साधारण वर्षभर' असं सांगण्यात आलं. इथल्या खासगी हॉस्पिटलचा आकडा ऐकला आणि वाटलं, दुखतंय तेच बरं. शेवटी दादा फोनवर म्हणाला, "अगं, मग इकडेच ये ना!"

पुण्यातला आकडा इथल्या जेमतेम पाव. भारत सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ती तेव्हा ५४,७२० रुपये होती. पासपोर्ट बघून हॉस्पिटलने मला 'इंटरनॅशनल पेशंट'च्या खिडकीवर पाठवलं. जन्म सदाशिव पेठेतला, आणि मी परदेशी पाहुणी! तिथे छान छापलेलं पॅकेज हातात मिळालं. ऑपरेशन, सांधा, चार रात्री, औषधं, फिजिओथेरपी... सगळं धरून.

ऑपरेशन उत्तम झालं. पण लगेच लांबचा विमानप्रवास केला तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायची भीती असते. डॉक्टर म्हणाले, निदान सहा आठवडे थांबा. म्हणजे चार रात्री हॉस्पिटल आणि बाकी सगळं दादाचं घर. दुसरा मजला, लिफ्ट नाही.

पहिले पंधरा दिवस वहिनींनी माझं काय केलं नाही ते विचारा. दिवसातून चारदा बर्फाची पिशवी, रात्री दोनला हाक मारली तरी बाथरूमपर्यंत हात धरून नेणं, तोंडाला चव नाही म्हटलं की मेतकूट-भात. शिवाय दूध, भाजी, माझी औषधं आणायला खाली-वर. मी सोफ्यावर पाय पसरून म्हणायची, "वहिनी, कशाला एवढं?" आणि खायची.

तिसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टने मला जिना शिकवला. "चढताना आधी चांगला पाय, मग दुखरा. उतरताना आधी दुखरा. घोकून ठेवा."

त्याच संध्याकाळी वॉकर घेऊन दारात उभी होते. वहिनी भाजी घेऊन वर येत होत्या. एक हात कठड्यावर. आधी डावा पाय वर, मग उजवा त्याच्याशेजारी. पुन्हा डावा, पुन्हा उजवा शेजारी. मधल्या वळणावर पिशवी टेकवून थांबल्या.

मी सकाळी घोकलेलं सगळं त्या न चुकता करत होत्या. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"वहिनी, हे कधीपासून?"

"झाली असतील पाच-सहा वर्षं. डॉक्टर म्हणतात बदलून टाका."

"मग?"

"अगं, मी झोपले तर ह्यांचं पथ्यपाणी कोण बघणार? करू सावकाश."

पैशाचा प्रश्न नव्हता. दादाची पेन्शन चांगली आहे. मला रात्रभर झोप लागली नाही, आणि ह्या वेळी गुडघ्यामुळे नाही. वर्षभराच्या रांगेला कंटाळून मी सात हजार किलोमीटर उडून आले होते. माझ्या रांगेत निदान यादी होती, पत्र होतं, कधीतरी नंबर लागणार होता. वहिनी ज्या रांगेत उभ्या होत्या तिथे यादीच नव्हती. आणि माझ्यासाठी त्यांनी आणखी सहा आठवडे जिने चढले. पॅकेजच्या कागदावर ते कुठेच नव्हतं, आणि माझ्याही हिशेबात नव्हतं.

घरात आम्ही तिघं माणसं, आणि त्यांचा पाय मला दिसायला माझा तुटावा लागला!

असो. जानेवारीचं तिकीट काढलंय, दोन महिन्यांचं. डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवलीय. स्वयंपाक मी करणार म्हटल्यावर दादा जरा धास्तावलाय. वहिनी अजून "बघू" म्हणताहेत.