स्पेलमनची कमान

मे महिना उजाडला की आपल्या मंडळींची धांदल उडते. कुणाचा मुलगा जॉर्जिया टेकमधून बाहेर पडतोय, कुणाची मुलगी एमरीतून. भारतातून आजी-आजोबा आलेले असतात. त्यांना सावलीत बसवायचं, पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या, आणि तीन-चार तास ताटकळल्यावर आपल्या चिरंजिवांचं नाव पुकारलं जातं ते असं काही, की आजोबा विचारतात, "आपल्याचाच नंबर होता का हा?" असे समारंभ आम्ही उभयतांनी पुष्कळ पाहिले. पण २०१९ च्या मे महिन्यात आम्ही एक निराळाच सोहळा पाहिला, आणि तोही दूर कुठे नाही, आपल्या अटलांटातच. अल्फारेटाहून जीए-४०० ला गर्दी नसेल तर पाऊण तासावर. (गर्दी नसेल तर, असं म्हणायची आपली एक पद्धत आहे!)

डाउनटाउनच्या पश्चिमेला, आय-ट्वेंटीच्या अंगानं गेलं की स्पेलमन, मोरहाउस आणि क्लार्क अटलांटा ही तीन कॉलेजं लागतात. एकमेकांना अगदी खेटून. एकाच्या फाटकातून निघावं तर दुसऱ्याची भिंत. १९६४ च्या आधी कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी ज्या संस्था निघाल्या त्यांतल्या सुमारे शंभर आजही देशात चालू आहेत, आणि त्यांतल्या नावाजलेल्या संस्था इथे, आपल्या उंबऱ्याशी आहेत. आपल्या पॉटलकमध्ये कॉलेजांच्या याद्या निघतात, एसएटीचे आकडे निघतात, पण त्यांत ही नावं सहसा येत नाहीत. "तो भाग काही बरा नाही हो," असं एक वाक्य येतं आणि गाडी बटाटेवड्यांवर वळते.

आम्हांला तिथे नेलं ते आमच्या शेजारच्या बाईंनी. निवृत्त शिक्षिका. आमच्या मुलांनी त्यांना लहानपणापासून 'आजी' म्हटलं, आणि बरीच वर्षं त्यांना वाटत होतं की हे त्यांना दिलेलं एखादं लाडाचं नाव आहे! या आजी स्पेलमनच्या १९६९ च्या वर्गातल्या. त्यांची नात २०१९ च्या वर्गातली. म्हणजे आजीच्या पदवीला पन्नास वर्षं पुरी आणि त्याच आठवड्यात नातीची पदवी. त्यांनी निमंत्रण दिलं आणि बजावलं, "पांढरं काही घालू नका. ते आमचं."

त्याचा अर्थ तिथे गेल्यावर कळला. कॅम्पसच्या हिरवळीभोवती जिकडे पाहावं तिकडे पांढरे झगे. विशीतल्या मुली, चाळिशीतल्या बाया, काठी टेकणाऱ्या आज्या, सगळ्या पांढऱ्याशुभ्र. स्पेलमनची ही प्रथा शंभराहून अधिक वर्षांची आहे. पूर्वी औपचारिक प्रसंगी मुलींनी साधा, अंगभर पांढरा पोशाख करावा असा दंडक होता; दंडक गेला आणि रिवाज राहिला. नवी मुलगी कॉलेजात दाखल होते तेव्हा पांढरा झगा, आणि बाहेर पडते तेव्हाही. आपल्या डोळ्यांना पांढरं लुगडं म्हटलं की जे आठवतं, ते क्षणभर आमच्याही मनात येऊन गेलं; पण त्या घोळक्यातला हास्यकल्लोळ ऐकल्यावर ते टिकलं नाही.

या कॉलेजची सुरुवात ऐकण्यासारखी आहे. ११ एप्रिल १८८१ रोजी सोफिया पॅकार्ड आणि हॅरिएट जाइल्स या न्यू इंग्लंडमधून आलेल्या दोघी गोऱ्या शिक्षिकांनी इथल्या फ्रेंडशिप बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात शाळा उघडली. अकरा विद्यार्थिनी, बहुतेक गुलामगिरीतून सुटलेल्या. मेडफर्ड गावच्या एका चर्चनं दिलेले शंभर डॉलर एवढंच भांडवल. दोन वर्षांत शाळा तिथून हलली ती यादवी युद्धात सैन्याच्या बराकी होत्या त्या जागेवर. रॉकफेलरनी पैसा दिला आणि १८८४ मध्ये त्यांच्या पत्नीच्या माहेरचं, स्पेलमन, हे नाव शाळेला मिळालं. त्या माहेरच्या घरी पळून आलेल्या गुलामांना आसरा मिळत असे, म्हणजे नाव काही केवळ पैशांपोटी चिकटलेलं नाही. त्या चर्चची जुनी वास्तू २०१४ साली फुटबॉलच्या नव्या स्टेडियमसाठी पाडली गेली. आपली मुलं जिथे मॅच बघायला जातात ना, तिथेच.

१८८६ मध्ये इथे रॉकफेलर हॉल उभा राहिला. त्याच वर्षी ११ मार्चला तिकडे फिलाडेल्फियात, बायकांच्याच मेडिकल कॉलेजात, आपल्या आनंदीबाई जोशी पदवी घेत होत्या आणि पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून येऊन त्या समारंभाला हजर होत्या. त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून त्यांची नजर इथवर पोचली होती. आम्ही पाऊण तासावर राहून २०१९ साली पोचलो!

आता त्या कमानीविषयी. गेटवे ऑफ इंडिया डोळ्यांसमोर आणू नका. हिरवळीच्या कडेला एक कमान, तिचं नाव 'अलम्नी आर्च', म्हणजे माजी विद्यार्थिनींची कमान. एरवी तिच्याकडे कुणी वळून पाहणार नाही. पण पदवीदानाच्या आधी 'क्लास डे' असतो, त्या दिवशी पदवी घेणाऱ्या सगळ्या मुली या कमानीखालून जातात. विद्यार्थिनी म्हणून आत शिरायचं आणि माजी विद्यार्थिनी होऊन बाहेर पडायचं. आणि गंमत अशी, की त्या एकट्या जात नाहीत. ज्यांच्या पदवीला पाच, दहा, पंचवीस, पन्नास वर्षं झाली अशा जुन्या बाया त्यांच्या पुढे चालतात. आपापल्या सालाच्या पाट्या घेऊन. सगळ्यांत जुनं साल आधी.

चालता न येणाऱ्या एक-दोघी छोट्या गाडीतून आल्या, हात हलवत, थेट राणी एलिझाबेथच्या थाटात. मग १९६९ ची पाटी दिसली. आमच्या आजी एरवी गुडघ्यांची तक्रार करतात. त्या दिवशी गुडघे कुठे गेले होते कोण जाणे. बाजूला उभे असलेले भाऊ, नवरे, काका, मुलं टाळ्या वाजवत होते, नावानं हाका मारत होते. एका साठीच्या गृहस्थांनी आम्हांला आपण होऊन सांगितलं, "माझी आजी, आई, बहीण आणि आता मुलगी." आणि पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. इथे अशी घराणी पुष्कळ. खुद्द मार्टिन ल्यूथर किंग यांची आई आणि आजी स्पेलमनच्या, आणि बहीण क्रिस्टीन हिची पदवी १९४८ ची. त्याच वर्षी भाऊ शेजारच्या मोरहाउसमधून बाहेर पडला. आपल्याकडे पदवी ही मुलाची आणि फार तर त्याच्या आईवडिलांची. फोटोत तिघं. इथे आधी होऊन गेलेल्या सगळ्या जणी त्या मुलीला न्यायला आल्या होत्या.

मिरवणूक संपल्यावर आजी आम्हांला 'सिस्टर्स चॅपल'मध्ये घेऊन गेल्या. १९२७ ची, खांबांची देखणी इमारत. आत गार होतं, बसायला बरं वाटलं. तिथे त्यांनी एका बाकाकडे बोट दाखवून सांगितलं, "मी इथं उभी होते." १९६८ चा एप्रिल. किंग यांची मेम्फिसला हत्या झाल्यावर त्यांचा देह अंत्यदर्शनासाठी याच चॅपलमध्ये ठेवला होता. रात्रंदिवस रांग. आजी तेव्हा तिसऱ्या वर्षाला. रांगेतल्या लोकांना पाणी द्यायचं काम मुलींनी वाटून घेतलं होतं. ९ एप्रिलला एबेनेझर चर्चमधून दोन खेचरांच्या साध्या गाडीवरून शवपेटी शहरातून चालत मोरहाउसच्या आवारात आली. आजींनी एवढंच सांगितलं, जास्त काही बोलल्या नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

बाहेर आल्यावर मात्र त्या खुलल्या. त्यांच्या आधीच्या मुलींना म्हणे गावात जायचं तर टोपी आणि हातमोजे घालावे लागत. घरंदाज मुली तयार करायच्या, हा बाणा. त्याच घरंदाज मुलींनी १९६० मध्ये काय केलं? रोझलिन पोप ही स्पेलमनची विद्यार्थी-अध्यक्ष. तिनं आणि तिच्या साथीदारांनी मानवी हक्कांसाठी एक आवाहन लिहिलं आणि ९ मार्चला ते अटलांटाच्या वर्तमानपत्रांत पानभर छापून आणलं. १५ मार्चला या कॉलेजांतली सुमारे दोनशे मुलं-मुली शहरातल्या, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या उपाहारगृहांत जाऊन शांतपणे बसली. पुष्कळांना अटक झाली. तेव्हा इथे इतिहास शिकवणारे हॉवर्ड झिन यांनी 'द नेशन' साप्ताहिकात या मुलींवर लेख लिहिला. मुलींची बाजू घेतल्यावरून त्यांचं व्यवस्थापनाशी वाजलं आणि १९६३ मध्ये त्यांना नारळ मिळाला. २००५ साली त्याच झिनना स्पेलमननं पदवीदानाचं भाषण करायला बोलावलं. बेचाळीस वर्षं लागली, पण बोलावलं खरं.

आजी कॉलेजात दाखल झाल्या १९६५ च्या शरद ऋतूत. त्याच ३ ऑक्टोबरला अध्यक्ष जॉन्सन यांनी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली. जन्म कुठल्या देशातला यावर ठरणारा जुना कोटा त्यानं गेला आणि आपले डॉक्टर, इंजिनियर इकडे येऊ लागले. नागरी हक्कांच्या चळवळीनं जी हवा तयार केली तिच्यातच हा कायदा झाला. आपण आलो तेव्हा कुठल्याही हॉटेलात बसून सँडविच मागवू शकलो ते कुणामुळे, हे त्या बाकावरून उठताना आठवल्याशिवाय राहिलं नाही.

मोरहाउस हे मुलांचं कॉलेज, रस्ता ओलांडला की आलं. तिथे ग्रेव्हज हॉलसमोर डॉ. बेंजामिन मेज यांचा पुतळा आणि समाधी आहे. मेज यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. हे १९४० ते १९६७ मोरहाउसचे अध्यक्ष होते. दर मंगळवारी सकाळी ते विद्यार्थ्यांपुढे बोलत आणि ऐकणाऱ्यांत किंग असत; पुढे त्याच किंगच्या अंत्ययात्रेत भाषण करण्याची वेळ या गुरूवर आली. पण आम्ही थबकलो ते दुसऱ्याच कारणानं. १९३६-३७ च्या हिवाळ्यात मेज हिंदुस्थानात गेले होते आणि गांधीजींना भेटले होते, आपल्या वर्ध्याला. दोन गोष्टींवर त्यांनी गांधीजींना छेडलं: अहिंसा चालते कशी, आणि जातिभेदावर तुम्ही सरळ घाव का घालत नाही. दुसरा प्रश्न आम्हांला जास्त आवडला. वर्ध्याच्या उन्हातून निघालेला धागा जॉर्जियाच्या लाल मातीत येतो आणि ते आपल्याला कुणी सांगत नाही!

त्याच महिन्यात, १९ मे रोजी, मोरहाउसच्या हिरवळीवर पदवीदान चालू असताना रॉबर्ट स्मिथ या उद्योगपतींनी भाषणात जाहीर केलं, की समोर बसलेल्या वर्गाचं शैक्षणिक कर्ज आपण फेडू. जवळजवळ चारशे मुलं. मुलं आधी एकमेकांकडे बघत राहिली म्हणे. पुढे त्यात आईवडिलांनी काढलेली कर्जंही आली आणि आकडा झाला ३ कोटी ४० लाख डॉलर. बातमी जगभर गेली. आमच्या आजींचं म्हणणं मात्र वेगळंच: "चांगलं झालं. पण आमच्या मुलींचं कोण फेडणार?" त्यांच्या नातीच्या डोक्यावरही कर्ज होतंच.

नातीचा पदवीदानाचा मुख्य समारंभ मोठ्या सभागृहात झाला. तिथे सुरुवातीलाच विनंती करण्यात आली, की कृपया सगळी नावं होईपर्यंत टाळ्या राखून ठेवा. पहिलं नाव पुकारलं आणि कोपऱ्यातून भोंगा वाजला! मग काय, शिट्या, आरोळ्या, "ती माझी पोर आहे!" असा टाहो. विद्यार्थिनींच्या ज्या ग्रीक अक्षरांच्या भगिनीसंस्था असतात, त्यांच्या गुलाबी-हिरव्या आणि लाल पट्ट्या गळ्यात असलेल्या मुली आल्या की त्या त्या संस्थेच्या बाया आपापली ठरलेली हाळी देत. आपण मराठी माणसं टाळ्या वाजवतो त्यासुद्धा शेजाऱ्याच्या कानाला त्रास होणार नाही अशा बेतानं. नातीचं नाव आलं तेव्हा मात्र आमच्याही तोंडून "शाब्बास!" निघालं, आणि पुढच्या रांगेतल्या तिघींनी वळून तोच शब्द पुन्हा म्हणून पाहिला.

संध्याकाळी शेजारी मागच्या अंगणात जेवण होतं. तळलेले मासे, मॅक अँड चीज, कॉलर्डची भाजी, आमच्याकडून श्रीखंड. १९६९ च्या चार-पाच जणी अजून पांढऱ्या झग्यातच होत्या. ओळख करून घ्यायची त्यांची रीत अशी, की नाव नंतर, आधी साल. आमच्यातली निम्मी बाजू एसएनडीटीची. कर्व्यांनी १९१६ मध्ये काढलेलं बायकांचं विद्यापीठ, असं सांगितल्यावर त्यांनी खुर्च्या जवळ ओढल्या. किती मुली होत्या, होस्टेलात दार किती वाजता बंद व्हायचं, रेक्टरबाई कशा होत्या, सगळं विचारून झालं. दाराची वेळ ऐकून त्या खो खो हसल्या. त्यांचीही तीच होती. मग एकीनं विचारलं, "तुझं साल कुठलं?" साल सांगितलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि पन्नासावं वर्ष कधी येतं ते सांगून टाकलं. "तेव्हा मुंबईला जाशील ना?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. श्रीखंडाचं भांडं तोवर रिकामं झालं होतं आणि आजी आणखी वाट्या घेऊन येत होत्या.